शेतकरीण आणि तिचे संशोधक

२०२६ हें वर्ष ‘आंतरराष्ट्रीय स्त्री-शेतकरी वर्ष’ म्हणून पाळावें, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें २०२४ सालीं केला. ठरावाशीं आमचें भांडण नाहीं. जगाच्या ताटांत जी भाकरी घालते तिच्या नांवें एखादें वर्ष लागलें, तर त्यांत कोणी मोठें दान केलें असें होत नाहीं. आमचें भांडण आहे तें अशा ठरावांच्या पाठोपाठ भुईछत्र्यांप्रमाणें उगवणाऱ्या परिसंवादांशीं, पाहण्यांशीं आणि प्रबंधांशीं. १५ ऑक्टोबर हा ग्रामीण स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून २००८ पासून पाळला जातो; आपल्या देशांत त्याच दिवशीं ‘महिला किसान दिवस’हि साजरा होतो. ज्यांनीं हा दिवस निवडला त्यांनीं त्या आठवड्यांत मराठवाड्यांतील सोयाबीनचें किंवा वऱ्हाडांतील कापसाचें शेत पाहिलें नसावें. सोयाबीन काढणीला आलेलें असतें, शेंगा तडकण्याचें भय असतें, कापसाची पहिली वेचणी तोंडावर आलेली असते. जिचा सत्कार करावयाचा तिला त्या दिवशीं मान वर करण्याची फुरसत नसते. आणि मग सभागृहांत तिच्याविषयीं बोलण्यास जे रिकामे असतात, तेच बोलतात. गोष्ट लहान आहे. पण सगळ्या व्यवहाराचा मासला तींत उतरला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. अल्पभूधारक शेतकरणीच्या आयुष्याचें जें संशोधन आपल्याकडे चालतें, त्याचा दोष मुळांतच आहे. तपशील सुधारून तो जाणारा नाहीं. ‘शेतकरीण अदृश्य आहे’ हें वाक्य अशा प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर सांपडतें. ती अदृश्य कोणास आहे? गांवाला ती दिसते, दुकानदाराला दिसते, तिच्या जनावरांना दिसते. तिच्याविषयींचा प्रश्न दुसऱ्याच माणसाला, भलत्याच वेळीं आणि भलत्याच शब्दांत विचारला जातो, म्हणून ती संशोधकाला दिसत नाहीं. आणि आपल्याला न दिसलेल्या गोष्टीवर तो पुढें ‘अदृश्यता’ या नांवाचा प्रबंध लिहितो.

हा आरोप ज्यांस अतिशयोक्तीचा वाटत असेल त्यांनीं आपल्या जनगणनेचीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. १९६१ च्या गणनेंत कामकऱ्याची व्याख्या उदार होती. हंगामाच्या बहुतेक काळांत जें माणूस रोज तासाहून अधिक नियमित काम करतें तें कामकरी, असें धरलें गेलें. आणि त्या हिशोबानें देशांत सुमारें सहा कोटि स्त्रिया कामकरी ठरल्या. १९७१ सालीं प्रश्न बदलला. ‘मुख्य उद्योग कोणता?’ असें विचारण्यांत आलें, आणि घरकाम हा जिचा मुख्य उद्योग म्हणून लिहिला गेला ती कामकऱ्यांच्या मुख्य यादींतून बाहेर पडली. कामकरी स्त्रियांची संख्या तीन कोटींच्या आसपास उतरली. या दहा वर्षांत तीन कोटि बायकांनीं हातांतील खुरपें खालीं ठेवलें काय? लोकसंख्या वाढली होती, तण उगवावयाचें थांबलें नव्हतें, गाईम्हशींनीं स्वतःचें शेण स्वतः काढण्यास आरंभ केला नव्हता. खुरपें होतें तेथेंच होतें. हालली ती लेखणी. शेवटीं १९९१ सालीं, घरच्या शेतांत बिनमजुरीनें केलेलें कामहि काम समजावें, असे शब्द प्रश्नांतच घालावे लागले. वीस-तीस वर्षें ज्या विद्वानांनीं ‘स्त्रियांचा शेतींतील सहभाग घटत आहे’ यावर गंभीर निबंध लिहिले, त्यांतील कितीकांनीं आधीं प्रगणकाच्या कागदावरचा प्रश्न वाचला असेल?

दुसरें उदाहरण याहून अलीकडचें आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांत जमीन कसणारे शेतकरी ११ कोटि ८८ लाख होते आणि त्यांत स्त्रिया ३ कोटि ६० लाख होत्या. म्हणजे दहांत तीन. त्याच सुमारास, २०१०-११ सालची म्हणून जी कृषिगणना झाली, तिनें वहितीधारकांतील स्त्रियांचें प्रमाण शेंकडा १३ च्याहि आंत दाखविलें. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत तें शेंकडा १४ च्या जवळपास गेलें. देश एक, जमीन एक, काळ एक. आणि उत्तरांत दुपटीहून अधिक अंतर! कारण उघड आहे. एका गणनेनें माणसाला विचारलें, दुसरीनें दप्तराला विचारलें. मालकी कोणाचीहि असो, वहिवाटीची जबाबदारी जो वाहतो तो वहितीधारक, अशी कृषिगणनेची व्याख्या आहे आणि ती चांगली आहे. परंतु महाराष्ट्रासारख्या ज्या राज्यांत जमिनीचें दप्तर तयार आहे तेथें ही गणना मुख्यतः त्या दप्तरावरूनच केली जाते. व्याख्या बांधावरची आणि उत्तर चावडीवरचें, असा हा संसार आहे.

आणि तें दप्तर तरी कसें बनतें? सातबाराचा उतारा ज्यांनीं बारकाईनें वाचला असेल त्यांस ‘ए. कु. मॅ.’ हीं अक्षरें ठाऊक असतील. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर! बाप वारला कीं थोरल्या भावाचें नांव या अक्षरांच्या आधारानें वर चढावें, विधवा आई आणि बहिणी यांचीं नांवें ‘इतर हक्क’ या रकान्यांत जावीं, किंवा हक्कसोड-पत्रावर अंगठा घेऊन तेथूनहि पुसलीं जावीं, ही गांवोगांवची वहिवाट आहे. कायद्याला दोष द्यावा, तर तो कधींच पुढें निघून गेला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाप्रमाणें वांटा देऊं केला. २००५ सालीं तो देशभर झाला. आणि हा हक्क मुलीला जन्मानेंच मिळतो, २००५ सालीं बाप हयात असण्यावर तो अवलंबून नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. ज्या दप्तरानें हा वांटा पदोपदीं बुडविला त्याच दप्तरावरून ‘शेतकरी स्त्रिया किती?’ याचें उत्तर काढणें, म्हणजे चोराच्या वहीवरून चोरीचा तपास करण्यासारखें आहे.

दप्तर बाजूला ठेवून प्रत्यक्ष गांवांत जाणाऱ्यांकडे वळूं. विद्यापीठाच्या पंचांगाप्रमाणें संशोधकाला सवड सांपडते ती बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टींत. तेव्हां रानें मोकळीं असतात, बाई घरीं भेटते. आणि तिच्या दिवसाचा म्हणून जो हिशोब लिहिला जातो तो तिच्या उसंतीच्या दिवसाचा असतो. संशोधक ओसरीवर बसतो आणि ‘कुटुंबप्रमुख कोण?’ हा प्रश्नावलींतील पहिला प्रश्न टाकतो. निकाल या पहिल्या प्रश्नानेंच लागतो. उत्तर देण्यास पुरुष पुढें सरसावतो, बाई चुलीकडे वळते, आणि चहाला आधण येईपर्यंत तिचें आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून लिहून होतें.

तिला विचारलेंच, तर तें ‘तुम्ही काय काम करतां?’ अशा शब्दांत. मराठी खेड्यांत ‘कामाला जाणें’ याचा अर्थ दुसऱ्याच्या रानांत रोजानें जाणें. स्वतःच्या शेतांत ती कामाला जात नाहीं. ती ‘रानांत’ जाते. म्हणून ‘काम काय, घरींच असतें’ हें तिचें उत्तर तिच्या भाषेंत अगदीं बरोबर असतें आणि संशोधकाच्या रकान्यांत पडतांच खोटें होतें. नवऱ्याला ती ‘मालक’ म्हणते, ‘धनी’ म्हणते, ‘कारभारी’ म्हणते. शब्द वाच्यार्थानें घेणारा परीक्षक मालकी आणि कारभार हीं दोन्ही त्याच बैठकींत नवऱ्याच्या खातीं जमा करून मोकळा होतो. ‘शेतकरीण’ या शब्दाचीहि आम्हीं तीच गत केली आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. तशी शेतकरीण म्हणजे शेतकऱ्याची बायको, असें आम्ही धरून चालतों. पण कोळीण ही कोळ्याची बायको असली तरी बाजारांत मासळीचा भाव तीच करते, आणि तिला धंदेवाली म्हणण्यास कोणाचीहि हरकत नसते. कारण तिचा धंदा रस्त्यावर चालतो. शेतकरणीचा धंदा बांधाच्या आंत चालतो आणि बांधापर्यंत जाण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं.

बांधापर्यंत जाणारास काय दिसेल? तिफणीमागें चालत चाड्यावर मूठ धरणारी बाई दिसेल. गुडघाभर चिखलांत वांकून आवणी करणारी, खुरपणींत पीक आणि तण एका नजरेनें वेगळें करणारी, वेचणीच्या वेळीं बोंडांतून कापूस अलगद उचलणारी, वाऱ्याचा रोख पाहून उफणणारी बाई दिसेल. याहून महत्त्वाचें जें आहे तें डोळ्यांनीं चटकन् दिसणार नाहीं. घरापुरती तूर किती, कडेला मटकी कोठें टाकावी, कोणतें कणीस पुढच्या सालच्या बियाण्यासाठीं राखावें, राखेंत घोळून तें कोणत्या मडक्यांत ठेवावें, सावडीला कोणाकडे जावें आणि कोणाला बोलवावें, हे सारे निर्णय आहेत. दिल्लीच्या एखाद्या कार्यालयांत घेतले गेले असते, तर त्यांस ‘नियोजन’ म्हटलें असतें! राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सांकेतिक कोष्टकांत मात्र या बाईसाठीं ९२ आणि ९३ असे दोन आंकडे राखून ठेवले आहेत. केवळ घरकाम करणारी ती ९२. घरकामाबरोबर घरच्यासाठीं सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणारी आणि शिवणटिपण करणारी ती ९३. दोघीहि श्रमशक्तीच्या बाहेर. वैरणीचा भारा विकत आणला तर तो शेतीचा खर्च. तोच बाईनें डोक्यावरून आणला तर तो खर्चहि नव्हे आणि कामहि नव्हे. असें गणित पाठशाळेंतील मुलानें मांडलें असतें, तर गुरुजींनीं पाटी पुसावयास लावली असती.

येथें कोणी म्हणेल, ‘कुटुंब हें एकच आर्थिक घटक आहे. शेतकऱ्याचें भलें झालें कीं शेतकरणीचें झालेंच. मग तिचा वेगळा हिशोब कशासाठीं?’ या मताला जुनी आणि आदरणीय परंपरा आहे. डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं आणि जातेगांव बुद्रुकची पाहणी १९२१ सालीं प्रसिद्ध केली. शेताचे तुकडे, कर्ज, उत्पन्न यांचा घरोघर जाऊन केलेला तो हिशोब आजहि वाचण्यासारखा आहे. त्यांत कुटुंबांच्या पायऱ्या लावलेल्या आहेत आणि कुटुंब हेंच मोजण्याचें माप आहे. त्या काळीं तें पाऊल पुढचेंच होतें. परंतु शंभर वर्षें लोटल्यावरहि तीच चौकट हातांत धरून बसणारास काय म्हणावें? कुटुंब हें एकच घटक असतें, तर हक्कसोड-पत्राची गरज कोणास पडली असती? बीना अगरवाल यांनीं १९९४ सालच्या आपल्या ‘ए फील्ड ऑफ वन्स ओन’ या ग्रंथांत दक्षिण आशियाचा पुरावा गोळा करून दाखविलें, कीं जमीन घराची असणें आणि बाईची असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि घरांतील तिच्या शब्दाचें वजन या फरकावर पुष्कळसें अवलंबून असतें. ग्रंथ गाजला, त्याचा उल्लेख प्रत्येक प्रबंधांत होतो. आणि उल्लेख आटोपल्यावर प्रश्नावली पुन्हा ‘कुटुंबप्रमुख कोण?’ येथूनच सुरू होते.

कुटुंबाच्या या ऐक्याचें खरें स्वरूप पाहावयाचें असेल तर ऊसतोडीच्या मुकादमाची वही उघडावी. बीडकडील कोरडवाहू जमिनीचा लहान शेतकरी आणि त्याची बायको दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात. वहींत त्या दोघांचें मिळून एकच नांव असतें: ‘कोयता’. उचल कोयत्याला मिळते, पण पैसे पुरुषाच्या हातांत पडतात. मोळ्या मात्र तिच्या डोक्यावरून गाडींत चढतात. दोन देहांचा एक कोयता करणारा मुकादम आणि दोन शेतकऱ्यांचें एक कुटुंब करणारा संशोधक यांत, विचाराच्या दृष्टीनें, आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. मुकादमाला निदान त्या एकीकरणाचा नफा मिळतो.

शिवाय शेत जितकें लहान तितकें हें एकीकरण अधिक खोटें ठरतें. देशांतील वहितींपैकीं शेंकडा ८६ वहिती दोन हेक्टरांच्या, म्हणजे सुमारें पांच एकरांच्या, आंतल्या आहेत, असें २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. एवढ्याशा तुकड्यावर घर चालत नाहीं, म्हणून पुरुष बाहेर पडतो. आणि तो बाहेर पडला कीं शेत बाईच्या अंगावर येतें. हें कांहीं कालपरवां घडलेलें नाहीं. रत्नागिरीचा पुरुष मुंबईच्या गिरणींत गेला त्याला शंभराहून अधिक वर्षें झालीं. मागें भाताची आवणी, वरकसावरची नाचणी, गोठा आणि वाण्याची उधारी बाईनें सांभाळली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या, कित्येक चाकरमानी गांवीं परतले, आणि त्यांना खावयास घालण्यास तेंच शेत आणि तीच बाई शिल्लक होती. कोंकणच्या मनिऑर्डरींचा हिशोब अनेकांनीं मांडला. त्या मनिऑर्डर न आलेल्या महिन्यांत घर कोणीं चालविलें, हा हिशोब मांडणारा क्वचितच आढळतो.

दुसरा आक्षेप असा, कीं ‘बाया स्वतःच सांगतात कीं आम्ही कांहीं करीत नाहीं, आम्ही त्यांच्या तोंडीं शब्द कसे घालावे?’ हा विनय वरवर शोभतो. पण तो सोयीचा आहे. कोर्टांत साक्षीदाराला धमकावणारा शेजारीं उभा असतांना घेतलेली साक्ष आपण ग्राह्य धरीत नाहीं. मग नवरा, सासरा आणि चुलत दीर ओसरीवर बसले असतांना घेतलेलें उत्तर ‘तिचें मत’ म्हणून कसें छापतां? प्रश्न तोच, पण कामाच्या क्रमानें विचारा. पेरणीला कोण होतें? बीं कोणाच्या मडक्यांतलें? पहिल्या पावसानंतर दुबार पेरणी करावी कीं थांबावें, याची चर्चा कोठें झाली? खुरपणीच्या बायांचा रोज कोणाच्या कनवटीचा गेला? अशा प्रश्नांस ‘मी कांहीं करीत नाहीं’ असें उत्तर देतांच येत नाहीं. दिवसाचा हिशोब विचारला तर काय निघतें, हें सरकारी पाहणीनेंच दाखविलें आहे. २०१९ सालीं देशव्यापी वेळवापर पाहणी झाली; पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलें, असा तिचा प्रश्न होता. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटें बिनमोल घरकाम करतात आणि तें करणारे पुरुष ९७ मिनिटें, असें तींत आढळलें. बाई तीच, तिची लाजहि तीच. प्रश्न बदलतांच तिला उत्तर देतां आलें.

तिसरा आक्षेप आंकडेशास्त्रज्ञांचा. ‘तुम्ही कथा सांगतां, आम्हांस संख्या पाहिजेत.’ आम्हांसहि संख्याच पाहिजेत. या लेखांत त्या कमी नाहींत. पण मापाचें भांडें फुटकें असतां धान्य अधिक अचूक मोजण्याचा आग्रह कोण धरील? आणि हें भांडें फुटकें राहिल्यानें नुकसान होतें तें कोणा प्राध्यापकाचें होत नाहीं. पीककर्ज सातबारावर मिळतें. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकऱ्याला वर्षाला सहा हजार रुपये देतें, ते जमिनीच्या नोंदीवर. २०२१ पासून महाराष्ट्रांत पीक-पेरा खातेदारानें स्वतः ‘ई-पीक पाहणी’च्या साधनांत भरावयाचा असतो, खातें पुरुषाच्या नांवें आणि फोनहि बहुधा त्याच्याच खिशांत. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आत्महत्यांच्या कोष्टकांत ‘गृहिणी’ हा एक व्यवसाय आहे. कर्जाच्या ओझ्यानें खचलेली शेतकरीण विष घेते तेव्हां, उताऱ्यावर नांव नसल्यानें, ती त्या रकान्यांत सहज जाऊन पडते. जन्मभर जिला शेतकरी म्हटलें नाहीं तिला मेल्यावरहि म्हणावयाचें नाहीं, असा हा नेम आहे. आणि जी मागें राहते तिचें काय? महिला किसान अधिकार मंचानें मराठवाडा व विदर्भ यांतील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी करून २०१८ सालीं ती प्रसिद्ध केली. सुमारें शेंकडा ४० जणींना, ज्या जमिनीवर त्या राबत होत्या तिचा हक्क मिळालेला नव्हता. ही पाहणी स्त्रियांच्या हक्कांसाठीं त्यांच्यांत राहून झटणाऱ्यांनीं केली, म्हणून तींत हा प्रश्न विचारला तरी गेला.

यावर ‘खेडेगांवचा पुरुषच मागासलेला, तेथें संशोधकानें काय करावें?’ असें म्हणण्याची सोयहि इतिहासानें ठेवलेली नाहीं. शेतकरी संघटनेचें स्त्रियांचें अधिवेशन १९८६ सालीं चांदवडला भरलें, आणि पुढें शरद जोशी यांच्या आवाहनावरून ‘लक्ष्मीमुक्ति’ची मोहीम निघाली. नवऱ्यानें आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नांवें करावा, एवढेंच तिचें मागणें होतें. आणि गांवेंच्या गांवें तें मान्य करण्यास पुढें आलीं. त्या शेतकऱ्यांपैकीं पुष्कळांनीं शाळेचें तोंडहि फारसें पाहिलें नसेल. बायको ही कसणारी आहे, हें त्यांस कळलें. आणि आमच्या पदवीधरांस अजून ‘कुटुंबप्रमुखा’वांचून चालत नाहीं!

या मासिकाचे वाचक साहित्याचे प्रेमी आहेत. तेव्हां साहित्याला मोकळें सोडणें न्याय्य होणार नाहीं. संशोधकानें शेतकरणीला मोजलें नाहीं, तर साहित्यिकानें तिला ओंवाळलें. ‘कष्टाळू माउली’, ‘काळ्या आईची लेक’, ‘सोशिक अन्नपूर्णा’ अशा शब्दांनीं तिची आरती झाली. आणि आरती झाली कीं देवाला प्रश्न विचारण्याची गरज राहत नाहीं. माउलीला मजुरी कशी द्यावी? अन्नपूर्णेला कर्ज कोणत्या तारणावर द्यावें? बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) या खानदेशांतील शेतकरीण. त्यांस अक्षरओळख नव्हती. घरच्या माणसांनीं टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या कविता १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघाल्या. रसिकांनीं त्यांत जीवनाचें तत्त्वज्ञान पाहिलें, आणि तें आहेच. परंतु पेरणी, मोट, मळणी, उफणणी यांविषयींची जी पक्की जाण त्या कवितेच्या मुळाशीं आहे ती ‘ग्रामीण रंग’ म्हणून बाजूला ठेवण्यांत आली. शेतीची जाणकार म्हणून बहिणाबाईंचें वाचन कितीकांनीं केलें?

चांगलें काम कसें होतें याचे दाखले आपल्या घरांतच आहेत. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनीं मावळ-मुळशीच्या डोंगरकपारींतून आरंभ करून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संग्रह एक लाखाहून पुढें गेला. त्यांत ओवीबरोबर गाणारणीचें नांव आहे, गांव आहे. ती तेथें बोलणारी आहे, नमुना क्रमांक अमुक अशी नाहीं. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं देशी वाणांचें बियाणें राखलें आणि वाढविलें. त्यांस २०२० सालची पद्मश्री मिळाली. पुरस्काराचा आनंद आहे. पण राहीबाईंना ‘अपवाद’ ठरवून जो तो मोकळा झाला याचें दुःखहि आहे. त्यांच्याजवळचें ज्ञान शेजारच्या घरांतील मडक्यांतहि कमीअधिक असेल, तें विचारावयास जावें, ही प्रेरणा त्या पुरस्कारानें ज्यांना व्हावयास पाहिजे होती त्यांना झाली नाहीं.

केवळ दोष दाखवून थांबणें आम्हांस मान्य नाहीं. संशोधन करूं इच्छिणारांनीं पांच गोष्टी पाळाव्या. पहिली: ‘कुटुंबप्रमुख’ हा प्रश्न काढून टाकावा, घरांत जितकीं माणसें शेत कसतात तितकीं स्वतंत्रपणें विचारावीं, आणि बाईला बाईनें, शक्य तर शेतांत, तिचे हात चालूं असतांनाच विचारावें. दुसरी: वर्षांतून निदान तीनदां, पेरणी, खुरपणी आणि काढणी या वेळीं जावें, एकदां भेटून लिहिलेलें चरित्र हें चरित्र नव्हे. तिसरी: उद्योगाचें नांव न विचारतां पिकाच्या क्रमानें कामें, निर्णय आणि पैसे विचारावे. चौथी: सातबारा पाहावा तो पुरावा म्हणून न पाहतां आरोपी म्हणून पाहावा, त्यांत कोणाचें नांव आहे यापेक्षां कोणाचें पुसलें गेलें आहे याचा शोध घ्यावा. पांचवी आणि सर्वांत अवघड: जें लिहिलें तें मराठींत, तिला कळेल अशा मराठींत, गांवांत परत जाऊन वाचून दाखवावें आणि तिनें ‘हें खोटें आहे’ म्हटलें तर तें खोडावें. परक्या भाषेंत छापून परक्या कपाटांत ठेवलेल्या प्रबंधाला तिच्या आयुष्याचें संशोधन म्हणूं नये. तें फार तर संशोधकाच्या बढतीचें साधन आहे.

या मागण्या अशक्य कोटींतील आहेत, असें म्हणणारांस एकच आठवण देतों. शेत कसणारा तो शेतकरी, मग जमीन त्याच्या नांवें असो वा नसो, ही व्याख्या भारत सरकारच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणांत छापलेली आहे. त्या धोरणाचा पाया ज्यांच्या आयोगानें घातला ते डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनीं २०१२ सालीं राज्यसभेंत स्त्री-शेतकऱ्यांच्या हक्कांचें खाजगी विधेयक मांडलें. उताऱ्यावर नांव नसलें तरी ग्रामसभेच्या संमतीनें बाईला शेतकरी म्हणून दाखला मिळावा, ही त्यांतील मुख्य तरतूद होती. विधेयक २०१३ सालीं बारगळलें. त्या तरतुदीमागचा विचार मात्र साधा होता: गांवांत कोण शेत कसतें हें गांवाला ठाऊक असतें. जें गांवाला विचारून कळण्यासारखें आहे तें दप्तराला विचारीत बसण्याची हौस आतां पुरे झाली.

२०२६ च्या निमित्तानें आपल्याकडे जे अहवाल निघतील, त्यांचें परीक्षण याच मासिकांतून यथाकाल व्हावें, अशी आमची इच्छा आहे. परीक्षकानें मुखपृष्ठावरील हसऱ्या बाईच्या चित्राकडे पाहूं नये. मागील पानें उलटून प्रश्नावली काढावी आणि तिचा पहिला प्रश्न वाचावा. तो ‘कुटुंबप्रमुख कोण?’ असा असेल, तर पुढचीं तीनशें पानें वाचण्याचे श्रम घेऊं नयेत.